अख्खेरावांचा शेक

आमच्या भावजींना कारखान्यात अख्खेराव म्हणायचे. हे नाव मी ठेवलेलं नाही, उगाच माझ्या नावावर बिल फाडू नका. मी मेहुणी असले आणि त्यांची खेचायचा हक्क मला जन्मभर मिळालेला असला, तरी हे काम त्यांच्या पट्ट्यावरच्या लोकांनीच केलेलं होतं.

पट्टा म्हणजे बिस्किटांच्या कारखान्यातला. भट्टीतून बिस्किटं बाहेर पडायची, रांगेनं पुढं सरकायची, आणि कडेला स्टुलावर बसून भावजी त्यातली मोडकी, तडकलेली, करपलेली तेवढी उचलून बाजूच्या टोपलीत टाकायचे. पॅकिंगला जायचं ते फक्त अख्खं. शेजारी नवीन माणूस बसला की त्याला एवढंच शिकवायचे, अख्ख्याला हात लावायचा नाही आणि मोडक्याला सोडायचं नाही. दिवसभर तोंडात अख्खं, अख्खं. मग लोक दुसरं काय म्हणणार?

ती खोड घरातही होतीच. कपाचा टवका उडाला की कप बाद. खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला की तो दुरुस्त होईपर्यंत या माणसाला जेवण गोड लागायचं नाही. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी दोन वेण्या घालणारी आगाऊ पोरगी होते. सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणाले, "आमची ताई अख्खी देतोय, तशीच ठेवा हं." सगळे हसले. भावजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी कुणी काम सांगितल्यासारखी मान हलवली आणि "हो" म्हणाले.

आता ते बोलणं आठवलं की माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटते. पण तेव्हा मला काय ठाऊक होतं.

तर गंमत अशी की या बिस्किटवाल्या माणसानं लग्नानंतर एक बिस्किट तोंडात घातलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या शर्टाला वास, केसांना वास, उशीच्या अभ्र्यालाही भाजलेल्या साखरेचा वास. "दिवसभर नाकातून पोटात जातंच आहे, आणखी तोंडातून कशाला?" असं म्हणायचे. बिस्किट कच्चं राहिलंय की नीट भाजलंय ते लांबून रंगावरनं सांगायचे. चव बघायला कारखान्यात पांढऱ्या कोटातली वेगळी माणसं होती. "त्यांचं काम तोंडाचं, माझं डोळ्याचं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

ताईचं मात्र उलटं. कामगारांना मोडक्या बिस्किटांच्या पिशव्या घरी न्यायला मिळायच्या, त्यातली काळी क्रीमची बिस्किटं ती आधी वेचून काढायची. मग दोन्ही चकत्या पिळून वेगळ्या करायच्या, आतलं क्रीम चाटून घ्यायचं आणि कोरड्या चकत्या मला द्यायच्या. मोठी बहीण असण्याचे असे फायदे असतात. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरला होती. गिऱ्हाईक चष्मा न्यायला यायचं आणि चष्मा तिथंच विसरून गप्पा मारून जायचं, इतकी बोलकी. भावजी दिवसात जेवढं बोलत तेवढं ती एक जिना चढेपर्यंत बोलून टाकायची. त्यांची लेक शाळेत होती तेव्हा परीक्षा संपली की ताई त्याच काळ्या बिस्किटांचा शेक करायची. दूध, आईस्क्रीम आणि बिस्किटं मिक्सरमध्ये घालून असा घट्ट करायची की त्यात स्ट्रॉ उभी राहायची. मला बोलावणं असायचंच. भावजी बाजूला उभे राहून स्ट्रॉ उभी राहते की नाही ते बघायचे, आणि राहिली की समाधानानं पेपर वाचायला जायचे.

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, फाटलं उसवलं शिवणं, हा माझा धंदा. शिलाई मशीन खिडकीशी, आणि माझ्या डोक्यावर बरोबर ताईचं स्वयंपाकघर. वर भांडं पडलं तरी मला कळतं. त्या दिवशी वर जे पडलं ते भांडं नव्हतं.

ताईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा. समजलो. पण ताईच्या घशाचं गिळण्याचं तंत्रच बिघडलं होतं. तिच्या नाकातून पोटात नळी घातली आणि त्या नळीतून तिला खाऊ घालायला लागले. डाव्या हातानं तिनं ती नळी उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. मग तिचा चांगला हात पलंगाला बांधून ठेवायला लागले. माझ्या बहिणीचा एकच हात उरला होता, आणि तोही बांधलेला. भावजी त्या गाठीकडं बघत बसायचे. मी बाहेर जाऊन रडून यायची, ते तिथनं हलायचेसुद्धा नाहीत.

काही आठवड्यांनी थोडंथोडं गिळता यायला लागलं तसं घरी सोडलं. पण अट घालून. तोंडानं पुरेसं पोटात गेलं पाहिजे, वजन उतरता कामा नये. उतरलं तर पुन्हा नळी. ताईच्या तोंडून तेव्हा शब्द फुटायचे ते दोन-तीनच, तेही जडावलेले. घरी येताना गाडीत तिनं भावजींची बाही धरली आणि म्हणाली, "नळी नको."

"नाही घालू देणार," भावजी म्हणाले. त्या दिवसापासून त्या माणसाला दुसरं काही दिसेनासं झालं.

दवाखान्यात गिळायला शिकवणारी एक बाई होती. तिनं नीट समजावलं होतं. पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कारण ताईचा घसा सावकाश हलतो आणि पातळ पदार्थ त्याच्या आधीच पळतो तो थेट श्वासनळीत. कण असलेलंही द्यायचं नाही, अडकेल. मऊ, एकसारखं, घट्ट असं काहीतरी द्यायचं. ओळखायचं कसं, तर चमचा तिरपा करायचा. धार लागली तर पातळ. गोळ्यानं, सावकाश पडलं तर बरोबर. पाणी घट्ट करायला तिनं एक पावडरही दिली होती.

त्या पावडरीचं पाणी मी चाखून बघितलं. खळ शिजवून ठेवलीय असं वाटत होतं. ताईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मान फिरवली. मग वाटलेलं सूप झालं, वाटलेल्या भाज्या झाल्या, घट्ट खीर झाली. ती दोन-चार चमचे घ्यायची आणि ओठ मिटायची. मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. मी आहेच तोंडाळ. "ताई, अगं पुन्हा नाकात नळ्या घालतील, कळतंय का तुला?" कळत होतं तिला. डोळ्यांतून पाणी यायचं, पण ओठ उघडायचे नाहीत. भावजी वाटी हातात घेऊन सूप गार होईपर्यंत तिच्यासमोर बसायचे. तिची गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली. आमचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग एका दुपारी भावजी बाजारातून काळ्या बिस्किटांचे पुडे आणि आईस्क्रीमचा डबा घेऊन आले. मी वरच होते. त्यांनी पुडा फोडला, बिस्किटं ताटात पसरली आणि बोटं आपोआप चालायला लागली. मोडकी बाजूला, अख्खी एकीकडं. कारखान्यातून निवृत्त झाले तरी वर्षानुवर्षांची सवय. मग अख्खी तेवढी उचलून मिक्सरच्या भांड्यात टाकली.

"अहो भावजी," मी म्हटलं, "मिक्सरमध्येच घालायचीत ना? मग मोडक्यांनी काय घोडं मारलंय?"

त्यांनी एकदा ताटाकडं, एकदा भांड्याकडं बघितलं. "तिला मोडकं कशाला?" म्हणाले.

 मोडकी मी खाल्ली.

पहिल्यांदा शेक अगदीच पातळ झाला, चमच्यावरून धार लागली. भावजींनी तो बेसिनमध्ये ओतला. दुसऱ्यांदा दूध कमी, आईस्क्रीम जास्त. घट्ट झाला पण बिस्किटाचे काळे कण राहिले. गाळणीतून गाळायला गेले तर गाळणी तुंबली. तिसऱ्यांदा त्यांनी बिस्किटं आधी थोड्या दुधात भिजवून त्यांचा लगदा केला, तो वाटला, चाळणीतून चमच्यानं दाबून दाबून उतरवला, मग त्यात आईस्क्रीम घालून मिक्सर जेमतेम फिरवला. जास्त फिरवला की गरम होऊन सैल पडतं, हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं. करड्या रंगाचं, गुळगुळीत, एकही ठिपका नसलेलं. चमचा तिरपा केला. शेक चमच्यावर बसून राहिला, मग सावकाश गोळ्यानं वाटीत पडला. भावजींनी तीनदा तसं करून बघितलं. स्ट्रॉ रोवली, ती उभी राहिली.

"झालं," म्हणाले. पट्ट्यावर माल पास करताना असंच म्हणत असणार.

ताईला उशांना टेकवून ताठ बसवलं, हनुवटी खाली घेतली, गळ्याशी टॉवेल लावला. लहान चमच्यानं भावजींनी पहिला घास दिला. मी पलंगाची कड धरून उभी होते. ताईनं तो तोंडात धरला. डोळे मिटले. घसा हलला. आम्ही दोघं तिच्या घशाकडं बघत होतो. ती डोळे उघडून म्हणाली, "अजून."

मी सांगते तुम्हाला, आयुष्यात मी एवढा गोड शब्द ऐकलेला नाही. भावजींनी चमचा माझ्या हातात दिला, पुढचा घास मी भरवला.

मग तो रोजचा नेमच झाला. दुपार कलली की माझ्या डोक्यावर मिक्सर घरघरायचा. मी मशीन थांबवायची आणि ऐकायची. थोडा वेळ घरघर, मग शांत, मग पुन्हा थोडी. तो आवाज आला की मला जेवण पचायचं. ताईच्या गालांवर मांस दिसायला लागलं. शेक मिळतोय म्हटल्यावर ती त्याच्या आधी सूपही घ्यायला लागली, लहान मुलांसारखी सौदेबाजी. शब्दही सुटायला लागले. एकदा मला म्हणाली, "मोडकी... तुला." आणि वाकड्या तोंडानं हसली. तपासणीला गेलो तर वजन वाढलेलं. नळीचं नाव कुणी काढलं नाही. गिळायला शिकवणाऱ्या बाईकडं पुन्हा जायचं होतं ते राहून गेलं. सगळं छान चाललंय तर कशाला, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. लेक दूरगावी नोकरीला, तिला फोनवर भावजी शेकची कृती सांगायचे, जी तिला लहानपणापासून पाठ होती.

मी त्यांची टर उडवायची. "भावजी, आता दुकान टाका. पण निदान चव तरी बघा की कधी. गोड झालंय का अगोड, काय कळतं तुम्हाला?"

"मला दिसतं की," म्हणायचे. "आणि ती सगळं संपवते, आणखी काय बघायचं?"

खरंच संपवायची. आणि संपलं की लगेच त्यांना म्हणायची, "भांडं." म्हणजे मिक्सरचं भांडं लगेच धुवून टाका, दुधाचा वास राहील. भावजी निमूट उठायचे. मग मला खाली नळाचा आवाज यायचा, बराच वेळ. एकदा मी अशा वेळी वर गेले तर ते आत भांडं घासत होते आणि ताई टॉवेल तोंडावर दाबून खोकत होती. मी जवळ गेले तर डाव्या हातानं नाही नाही केलं. "ठसका," म्हणाली. गळ्याशी धरलेला तो टॉवेल तिनं घडी करून उशीखाली ठेवला. कुणाला ठसका लागत नाही?

ताप आला तो साधाच वाटला. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास घरघरायला लागला. गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. फुप्फुसात जंतू झालेत म्हणाले, तोंडावर मास्क लावला. भावजींना आत जास्त वेळ बसू देत नव्हते, म्हणून मी आणि ते आळीपाळीनं थांबायचो.

तिथं एक सिस्टर होती, मध्यमवयाची, शांत. ताईचं अंग पुसताना मला विचारलं, घरी काय खायला देत होता. मला तर बोलायला निमित्तच हवं होतं. मी भावजींची सगळी कहाणी सुरू केली. अख्खी बिस्किटं काय, चाळण काय, चमच्यावरून गोळ्यानं पडणं काय. माझ्या आवाजात कौतुक होतं, अगदी ओसंडून. ती पुसायची थांबली.

"आईस्क्रीम घालत होते?" तिनं विचारलं.

"मग? त्याशिवाय घट्ट कसं होणार?"

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ते वाटीत घट्ट असतं हो. तोंडात गेलं की वितळतं. जिभेच्या उबेनं त्याचं पाणीच होतं. गिळेपर्यंत ते पातळ झालेलं असतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी पलंगाच्या दांडीला धरलं. "म्हणजे हे त्याच्यामुळं झालं?"

"तसं कुणी सांगू शकणार नाही," ती म्हणाली. "या दुखण्यात स्वतःच्या थुंकीनंसुद्धा असं होतं. काही न देता झालेलंही मी पाहिलंय." चांगली बाई होती. पण जे बोलून झालं होतं ते झालं होतं.

मी बाहेर आले. बाकावर भावजी बसले होते. मांडीवर थर्मास, त्याच्याभोवती बर्फाच्या पिशव्या, वरून टॉवेल गुंडाळलेला. मला बघून उठले. "ताजा केलाय," म्हणाले. "मास्क काढला की दोन चमचे जातील का, विचारून बघ ना. इथलं मिळमिळीत ती खाणार नाही. पुन्हा नळी घालतील."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. कुणाचं काय बिनसलं, कुणाच्या पोरानं काय दिवे लावले, माझ्या कानावर आलं की जिन्यात पोचलंच म्हणून समजा. त्या दिवशी मात्र मी तोंडाला कुलूप घातलं. म्हटलं, "बाहेरचं चालत नाही म्हणाले भावजी," आणि थर्मास त्यांच्या हातातून काढून घेतला. बाथरूममध्ये जाऊन ओतला. खरंच एकही ठिपका नव्हता त्यात, काय सांगू. जन्मात पहिल्यांदा एखाद्या वस्तूत काही खोट काढता येऊ नये याचा मला राग आला.

संध्याकाळी ते आत गेले तेव्हा मी पाठीमागं उभी होते. त्यांनी ताईच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाले, "घरी गेलो की करतो तुला." ताईनं मास्कच्या आतून मान हलवली. तिचे डोळे त्यांच्यावरून हलत नव्हते. नळी घालायची वेळ आलीच नाही. त्याआधीच ती गेली.

लेक आली, राहिली, रडली, बाबांना आपल्याकडं चला म्हणाली. ते नाही म्हणाले. मग तीही गेली. भावजी रोज सकाळी जिना उतरायचे, एक चक्कर मारून यायचे, माझ्या दारातून "आहेस ना, धाकटे?" विचारायचे आणि वर जायचे. मला ते पहिल्यापासून धाकटेच म्हणतात. वर काहीच आवाज नसायचा. मी मशीन मुद्दाम जोरात चालवायची. रोज ठरवायची, सांगायचं नाही. सांगून काय ताई परत येणार होती? त्या माणसानं जन्मभर एकच काम केलं होतं, खराब माल पुढं जाऊ न देण्याचं. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? रोज गिळून टाकायची, आणि रोज ते पुन्हा वर यायचं.

आणि मग एका दुपारी माझ्या डोक्यावर मिक्सर घरघरला.

हातातली पँट तशीच टाकून मी जिना चढले. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी भावजी उभे होते. ताटात मोडकी बिस्किटं बाजूला काढून ठेवलेली, आणि चाळणीखाली वाटी. आईस्क्रीमच्या डब्याला बर्फाचे केस आलेले.

"बिस्किटांचे पुडे उरले होते," माझ्याकडं न बघता म्हणाले. "आणि हा डबा. टाकवेना गं. बस. तुला आवडायचा ना."

मी बसले. दुसरं काय करणार? त्यांनी चमचा तिरपा केला, शेक सावकाश गोळ्यानं पडला. मान हलवली. एक ग्लास माझ्यापुढं ठेवला आणि दुसराही भरला. हात भरत गेला असणार, सवयीनं. मग त्या दुसऱ्या ग्लासाकडं बघत उभे राहिले. ताईचा लहान चमचा तिथंच, नेहमीच्या जागी होता. मी घाईघाईनं म्हटलं, "द्या इकडं, मी दोन्ही पिते." ते ऐकत नव्हते.

"तू म्हणायचीस, चव बघा एकदा," म्हणाले. "बघू तरी तिला काय देत होतो."

 त्यांनी चमचा भरला, तोंडात घातला आणि ओठ मिटून उभे राहिले. ताई धरायची तसाच तो घास तोंडात धरला. गिळला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. पहिल्यांदा त्यांना गोड लागलं असावं, भुवया जराशा उचलल्या. मग हळूहळू त्या खाली आल्या. जीभ आत हलली. पुन्हा हलली. काहीतरी शोधत असल्यासारखी.

त्यांनी गिळलं. दुसरा चमचा घेतला, तोही तसाच धरला, जास्त वेळ. मग चमचा ओट्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"पाणी होतं त्याचं," म्हणाले.

मी खाली बघत राहिले.

"धाकटे. तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. जन्मभर जे सुचलं ते फडाफडा बोलत आले आणि त्या वेळी एक खोटं सुचेना. "दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं," मी म्हटलं. "त्याच्यामुळंच झालं असं नाही म्हणाली ती. थुंकीनंही होतं म्हणाली."

 खालच्या रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. ग्लासात शेक कडेनं सैल पडायला लागला होता, करड्या थराखाली पांढरं पाणी सुटत होतं, आणि ते तिकडंच बघत होते.

"मी कधी तोंडात घालून बघितलं नाही," म्हणाले. "एकदासुद्धा नाही. पण तिच्या तोंडात तर रोज जात होतं. तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार की, पाणी होतंय म्हणून. ठसका लागत असणार. मला तर कधी दिसला नाही." मग माझ्याकडं वळून, लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बोलली का नाही ती?"

मला नळाचा आवाज आठवला. भांडं, असं म्हणून ती त्यांना आत पाठवायची ते आठवलं, आणि उशीखालचा घडी केलेला टॉवेल. ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि कधी सांगणारही नाही. पण काहीतरी खरं सांगायला हवं होतं.

"बोलली ना भावजी," मी म्हटलं. "अजून, म्हणाली."

त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. इतक्या दिवसांत, दवाखान्यात, ताई गेली तेव्हा, लेक गळ्यात पडली तेव्हा, कधीच न रडलेला माणूस रडायला लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मीही रडले. थोड्या वेळानं त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, ओट्यावरचा चमचा उचलला आणि ग्लास पुढं ओढला. शेक आता अगदीच पातळ झाला होता. ते चमच्या चमच्यानं तो पीत बसले, आणि संपेपर्यंत उठले नाहीत.